गंजलेली डॉज चार्जर गाडी घ्यायची का सोडायची

सगळ्यात आधी हे सांगतो, इंजिन चालू होतं का हा प्रश्न शेवटी विचारा. जुन्या अमेरिकन मसल कारचं (मोठ्या इंजिनाच्या जोरदार गाडीचं) व्ही-८ इंजिन म्हणजे साधं दणकट काम, जॅम झालेलं असलं तरी खोलून बोअर करून परत उभं करणारी माणसं आहेत, पिस्टन-बेअरिंग नवे मिळतात, आणि अगदीच ब्लॉक फुटलेला असेल तर दुसरं इंजिन बसवता येतं. गाडी मरते ती पत्र्याने. एक मित्र सध्या १९६८ च्या डॉज चार्जरवर एवढा फिदा झालाय की उठता बसता तिचे फोटो पाठवून घेऊ का विचारतोय, आणि त्याला तुकड्या-तुकड्यात उत्तर देऊन कंटाळलो म्हणून एकदाचं इथे लिहितोय.

गाडी ओहायोची. म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथली, त्यामुळे गंज असणारच. मागच्या चाकावरच्या पत्र्याची चाळणी झालीये, डिकीचा तळ जवळपास नाहीच, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली थेट जमीन दिसते. बघणारा म्हणेल संपलं. पण खरं सांगू का, हे दिसायला भयंकर असलं तरी त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण फ्लोअर, डिकीचा तळ, क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) हे सगळं नवं छापून मिळतं. (कॅमॅरो आणि मस्टँग या तसल्याच गाड्यांची तर काही वर्षांची पूर्ण बॉडीच नवी मिळते, डायनाकॉर्न नावाची कंपनी बनवते.) वेल्डिंगचं काम भरपूर आहे पण डोकं फिरवणारं नाही.

डोकं फिरतं ते खाली. शेव्हेल किंवा पाँटियाक जीटीओला वेगळी चासी असते, बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. कॅमॅरोत पुढचा भाग वेगळा, बोल्टवर लावलेला. चार्जरमध्ये मात्र बॉडी हीच चासी, म्हणजे खालचे रेल (लांब लोखंडी बीम) गंजले तर गाडीचा आकारच राहत नाही, जिगवर (मापात धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर) चढवून मापं धरत वेल्डिंग करावं लागतं, नाहीतर दरवाजे परत कधी नीट बसत नाहीत. आणि चार्जरची एक खास जागा आहे जी लोक बघतच नाहीत. पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नसतात, टॉर्शन बार असतात, लांब दांडे, त्यांची मागची टोकं गिअरबॉक्सखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेली. पुढच्या भागाचं वजन ज्या पिळावर तोललेलं असतं तो पीळ या पत्र्याने धरलेला असतो. तो कुजलेला असेल तर गाडी चालवून बघायचा हट्ट करू नका, जीव जाईल. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोचा. हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर बरं, भद्द आवाज आला तर समजून घ्या.

वरून येणारं पाणी हे आणखी वेगळं प्रकरण. चार्जरची मागची काच आत खोल बसवलीये, दिसते झकास, पण काचेच्या खालच्या कडेला पाणी साचून तिथली पट्टी सडते आणि मग ते डिकीत उतरतं, त्यामुळे नुसता डिकीचा तळ बदलून उपयोग नाही. मस्टँगमध्ये हेच पुढच्या काचेखाली होतं, पाला अडकतो, पत्रा सडतो, पाणी पायावर पडतं. आणि व्हिनाइल टॉप, म्हणजे छपरावर चिकटवलेलं रेक्झिनसारखं आवरण, असेल तर (या गाडीला आहे) त्याच्या खाली काय चाललंय ते देवालाच माहीत, कडेला फुगे दिसले की मी तरी छप्पर गेलंय असंच धरतो. लोहचुंबक खिशात ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

आता ती गाडी मुळात काय होती ते बघा, कारण गंज तोच असला तरी उत्तर बदलतं. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडा (हेमी हे त्या काळचं दमदार इंजिन) कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या टपाच्या, एकूण ११ च बनल्या, त्यातली एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. तसली गाडी शेतात रुतलेली सापडली तरी कोणीतरी उभी करणारच. डॉजचं बरं असतं, डॅशवरच्या कारखान्याच्या नंबरमधलं (व्हीआयएन) पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. ६८ च्या आर/टी चा, म्हणजे जोरदार इंजिनाच्या चार्जरचा, नंबर एक्सएस२९ ने सुरू होतो, पुढे एल असेल तर ४४० घन इंचाचं इंजिन, जे असेल तर ४२६ हेमी. आमच्या मित्राच्या लाडक्या गाडीचा निघाला एक्सपी२९एफ. म्हणजे साधी चार्जर, ३१८. विकणारा मात्र आर/टी म्हणतोय, कारण कोणीतरी मागे पट्टे मारून बिल्ला लावलाय. शेव्हीमध्ये (शेव्हरोलेमध्ये) हे इतकं सोपं नाही, त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत नंबरवरून एसएस, म्हणजे त्यांची जोरदार आवृत्ती, आहे का कळत नाही, म्हणून खोट्या एसएस उदंड.

मित्राचं तोंड पडलं. मला उलट बरं वाटलं. अस्सल आर/टी असती तर प्रत्येक बोल्ट ओरिजिनल का नाही म्हणून लोक मागे लागले असते, या गाडीत पाहिजे ते करता येईल, डिस्क ब्रेक टाका, वेगळा गिअरबॉक्स टाका, कोणाच्या बापाचं काय जातं. फक्त विकून पैसे वसूल होतील हे डोक्यातून काढायचं. नाही होणार. कलर, क्रोम, सीटा, रबर, काचा यातच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जाणार, आणि वायरिंग तर मी मोजतच नाहीये. ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातली गाडी महाग पडते पण डॅशबोर्ड आणि सीट उन्हाने भाजले असले तरी पत्रा जागेवर असतो, हिशोब केला तर बरेचदा तीच स्वस्त.

तरी या गाडीचे रेल आणि क्रॉसमेंबर ठोकून बघितले, चांगले आहेत, यावर माझा अजून विश्वास बसत नाहीये. ग्रिल शाबूत आहे, लपणारे हेडलाइट पण आहेत, आणि मुख्य म्हणजे गाडी अजून जोडलेली आहे, कोणी खोलून खोक्यात भरलेली नाही. खोक्यातली गाडी मी फुकट सुद्धा घेणार नाही, निम्मे तुकडे कुठे गेले ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यामुळे माझं मत घ्यावी असं आहे, पण साध्या ३१८ च्या भावात, आणि आधी व्हिनाइलचा एक कोपरा उचकटून बघितल्यावर. विकणारा अजून त्याला तयार नाही. नाही म्हणाला तर छप्पर सडलंय असं समजून तेवढे पैसे कमी करून सांग म्हटलंय.