आजी आणि पिकोसेकंद

सुट्टीला सांगलीत आलोय. सकाळी आजी भडंग करत बसली होती, मधेच म्हणाली, "तिकडं दिल्लीत नेमकं काय करतोस रं?" म्हटलं अणूच्या केंद्रकाला डिवचतो आणि ते किती वेळात शांत होतं ते मोजतो. "घड्याळ लावून?"

आता घड्याळ कुठलं आजी, सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले की त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद, म्हणून आम्ही अंतरावरून मोजतो, टार्गेटच्या, म्हणजे पहिल्या पातळ पत्रीतून सुटलेलं केंद्रक प्रकाशाच्या १ टक्का वेगानं पळालं तर पिकोसेकंदात ३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातं, पुढं त्याला अडवायला दुसरी पत्री, शांत होताना पळता पळता गॅमा किरण सोडला तर डॉप्लरमुळं, म्हणजे सोडणारा पळत असल्यामुळं, किरणाची एनर्जी सरकलेली दिसते, थांबून सोडला तर नाही, अंतर बदलत दोन्हीचं प्रमाण बघायचं, त्यावरून वेळ कळतो. हे पत्र्यांचं अंतर जुळवण्यात रात्री जातात बरं का!

गॅमाची एनर्जी सारखीच असेल तर जे केंद्रक लवकर शांत होतं ते साधारण जास्त बेढब. काही लांबुळकी, काही चपटी, रेडियम-२२४ तर २०१३ मध्ये सर्नला, म्हणजे जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत, पेअरच्या फळासारखं निघालं.

"मग लाडवासारखं गोल कुठलंच नाही?"

"शिसं-२०८ आहे की."

"बरं. ते शेंगदाणे दे इकडं."