दोन आसनांमधला अ‍ॅम्प

गेली चार वर्षे मी एकाच अ‍ॅम्पच्या शोधात होते. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. मला हवा होता फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब, तोही ज्याला सगळे ‘ब्लॅकफेस’ म्हणतात तो, म्हणजे १९६३ ते १९६७ या काळात काळ्या पॅनेलसह तयार झालेला. मागच्या महिन्यात तो मिळाला, पण घरापासून अकराशे किलोमीटरांवर राहणाऱ्या एका वयोवृद्ध वादकांकडे. “पार्सलने पाठवू का?” असे त्यांनी फोनवर विचारले, तेव्हा मी लगेच नको म्हणाले. मी स्वतः येईन, वाजवून पाहीन आणि बरोबरच घेऊन जाईन, असे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मलाही तेच बरे वाटेल.”

या हट्टामागे सहा वर्षांपूर्वीचा एक अनुभव आहे. तेव्हा मी एक महोगनी नेकची गिटार दुरून मागवली होती. ती कडक केसमध्ये होती, केस खोक्यात होती, खोक्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी होती, आणि तरीही केस उघडली तेव्हा हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेले गिटारचे टोक, नटच्या (तारा टेकतात त्या छोट्या पट्टीच्या) मागे तुटून तारांच्या आधाराने लोंबकळत होता. पाठवणाऱ्याने निष्काळजीपणा केला होता असे मी म्हणणार नाही. नाजूक जागा नेमकी कोणती, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. अशा गिटारींचा हेडस्टॉक मागे कललेला असतो, काहींमध्ये हा कोन १७ अंशांपर्यंत असतो, त्यामुळे लाकडाचे तंतू त्या भागात आखूड पडतात. त्यातच ट्रस रॉडचा, म्हणजे नेकमधल्या धातूच्या सळईचा, पेचाचा नट बसवण्यासाठी नेमके तिथेच लाकूड कोरलेले असते. खोके पाठीवर आपटले की केस थांबते, गिटारचे अंग थांबते, पण सहा ट्यूनरच्या, म्हणजे खुंट्यांच्या, वजनाचा हेडस्टॉक मागे जातच राहतो. सुरात लावलेल्या सहा तारांची एकूण ओढ सुमारे ४५ किलो असते, आणि ती त्या कमकुवत जागेवर सतत ताण ठेवते. तारा थोड्या सैल केल्या असत्या आणि हेडस्टॉकच्या खाली व वर कापडाच्या घड्या ठासून भरल्या असत्या, तर ती गिटार धडधाकट पोहोचली असती. सरस लावून, क्लॅम्प कसून ती जोडली गेली आणि आजही उत्तम वाजते, पण केस उघडली तेव्हाचा तो क्षण मी विसरू शकलेले नाही.

अ‍ॅम्पच्या बाबतीत तर नाजूक जागा एक नसून पाच-सहा असतात. डिलक्स रिव्हर्बमध्ये चासी, म्हणजे सर्किट बसवलेली पत्र्याची चौकट, वरच्या बाजूला उलटी टांगलेली असते, म्हणजे नऊच्या नऊ ट्यूब, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, डोके खाली करून लटकत असतात. तळाशी एका पिशवीत रिव्हर्बची, म्हणजे स्वराला घुमारा देणारी, लांबट पत्र्याची पेटी असते आणि तिच्या आत बारीक तारांवर स्प्रिंगा ताणलेल्या असतात. बारा इंची स्पीकर पुढच्या फळीला बोल्टांनी धरलेला असतो आणि त्याचा कागदी शंकू साठ वर्षांचा असू शकतो. हे सगळे एकाच पेटीत बसवून वर हँडल लावलेले आहे, म्हणून ती पेटी उचलून न्यावी अशी वाटते. वजन सुमारे १९ किलो. पण पॉवर ट्रान्सफॉर्मर एका टोकाला असल्यामुळे ते वजन मध्यभागी नसते. हँडल धरून उचलले की अ‍ॅम्प एका कुशीवर कलतो आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपटतो. हे फोटोंत दिसत नाही.

नवा का घेतला नाहीस, असे मला अनेकांनी विचारले. या अ‍ॅम्पची नवी आवृत्ती १९९३ पासून मिळते आणि ती वाईट मुळीच नाही. ज्यांना रोज कार्यक्रमाला न्यायचा आहे त्यांना मी तीच सुचवीन. जुन्यात मात्र छापील सर्किट बोर्ड नाही. जाड काळ्या पट्टीवर एकेक रोधक, एकेक कॅपॅसिटर हाताने सोल्डर केलेला असतो, त्यामुळे बिघडलेला भाग डोळ्यांनी शोधता येतो आणि साध्या सोल्डरिंग आयर्नने बदलता येतो. शिवाय २२ वॅट ही ताकद मला खोलीसाठी अगदी योग्य वाटते. व्हॉल्यूम पाचच्या पुढे गेला की स्वर हळूहळू फाटू लागतो, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम जरा खाली घेतला की पुन्हा स्वच्छ होतो. ती सीमारेषा बोटांखाली जाणवते, आणि तिच्यासाठीच मी चार वर्षे थांबले होते. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली, म्हणून त्यानंतरच्या अ‍ॅम्पांना काही लोक कमी लेखतात. मला ते पटत नाही, कारण एबी७६३ हे सर्किट त्या विक्रीनंतरही काळ्या पॅनेलच्या अ‍ॅम्पांमध्ये चालूच राहिले.

मी आणि माझा मावसभाऊ रात्रीच्या रेल्वेगाडीने निघालो आणि सकाळी नऊ वाजता त्यांच्या दारात पोहोचलो. आदल्या दिवशीच त्यांनी चासी उघडून ठेवली होती आणि रोधक लावून फिल्टर कॅपॅसिटर रिकामे केले होते. हे महत्त्वाचे आहे, कारण अशा अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कॅपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. मग आम्ही दोघे टॉर्च घेऊन आकडे वाचत बसलो. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रोधकाच्या, पाठीवर १३७६६२८ असे कोरलेले होते: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे वर्ष आणि २८ म्हणजे त्या वर्षाचा अठ्ठाविसावा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६, म्हणजे शुमाकर कंपनी. स्पीकरवर ४६५-६३६, म्हणजे ऑक्सफर्ड कंपनी, १९६६ चा छत्तिसावा आठवडा. पेटीच्या आत चिकटवलेल्या ट्यूबच्या तक्त्यावर ‘पीजे’ ही दोन अक्षरे पुसट उमटलेली होती. या पद्धतीत ‘ए’ म्हणजे १९५१, म्हणून सोळावे अक्षर ‘पी’ म्हणजे १९६६, आणि दहावे अक्षर ‘जे’ म्हणजे ऑक्टोबर. पॉट जुलैचे, स्पीकर सप्टेंबरचा, अ‍ॅम्प ऑक्टोबरचा. सगळे भाग एकमेकांशी जुळत होते आणि त्या जुळण्याचा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

मूळ दोन पिनांची वायर काढून त्यांनी तीन पिनांची, अर्थिंग असलेली वायर बसवली होती. काही संग्राहकांना असा बदल खुपतो, पण मी त्यांचे मनापासून आभार मानले. जुन्या वायरसह, अर्थिंगशिवाय गिटार हातात घेऊन मायक्रोफोनला ओठ लावणे हा जिवाशी खेळ आहे.

दुपारभर मी वाजवले. एखादा भाग प्रवासात बिघडला तर तो आधी कसा होता हे माहीत असावे, म्हणून प्रत्येक नॉब फिरवून आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवला. जुनी वस्तू आणायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

संध्याकाळी अ‍ॅम्प पूर्ण थंड झाल्यावर बांधाबांध सुरू झाली. आधी ट्यूब काढल्या: दोन ६व्ही६, एक जीझेड३४ आणि सहा लहान. जुन्या ट्यूबच्या काचेवरची अक्षरे बोट घासले तरी पुसली जातात, म्हणून काचेवर काहीही न लिहिता प्रत्येकीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर सॉकेटचा क्रमांक लिहिला. मग प्रत्येक ट्यूब एकेका मोज्यात घालून फोम भरलेल्या डब्यात ठेवली, आणि तो डबा घरी पोहोचेपर्यंत माझ्या खांद्याच्या पिशवीत राहिला. रिव्हर्बच्या पेटीत स्प्रिंगांखाली फोमची पातळ, सैल पट्टी सरकवली, त्यांना दाबेल अशी नव्हे, नुसती झुलू देणार नाही अशी. स्पीकरसमोरच्या जाळीवर आणि मागच्या उघड्या भागावर जाड पुठ्ठा बांधला. हँडलवर अजिबात विसंबायचे नाही असे आम्ही ठरवले होते, कारण साठ वर्षांच्या पट्ट्याची टोके कधी तुटतील सांगता येत नाही. त्याऐवजी पेटीच्या तळाखालून दोन रुंद पट्टे घेतले, म्हणजे दोघांना दोन बाजूंनी उचलता येईल.

निघण्यापूर्वी मी घरी अ‍ॅम्पच्या मापाचा पुठ्ठा कापून पाहिला होता. ६२ सेंटिमीटर रुंद, ४४ उंच, २४ खोल, आणि वर सगळीकडून पाच सेंटिमीटर फोम. या हिशोबाने तो गाडीच्या आसनाखाली आडवा मावायला हवा होता. प्रत्यक्षात तीन बोटांनी अडला, कारण आसनाखालून जाणारा लोखंडी आडवा पट्टा मी मोजलाच नव्हता. शेवटी दोन आसनांच्या मधल्या जागेत, घडी घातलेल्या जाड रजईवर तो उभा ठेवला. जमिनीतून येणारी गाडीची थरथर सतत आणि बारीक असते, आणि एखाद्या मोठ्या धक्क्यापेक्षा तिनेच नट-बोल्ट सैल होतात, म्हणून ती रजई मला फार मोलाची होती. रात्रभर आम्ही दोघे समोरासमोर बसून, दोन्ही बाजूंनी गुडघे टेकवून त्याला धरून होतो. “ताई, तू झोप, मी धरतो,” असे तो दर तासाला म्हणत होता आणि दर तासाला स्वतःच पेंगत होता.

पहाटे पावणेतीनला गाडी बदलायची होती. जिना ५४ पायऱ्यांचा होता. मी मोजल्या, कारण दर नऊ पायऱ्यांनी आम्ही थांबत होतो. माझ्या पाठीवरच्या पिशवीत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर होता, सुमारे पाच किलोचा, कारण हा अ‍ॅम्प ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला आहे आणि आमच्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. व्होल्ट कमी करता येतात, पण हर्ट्झ तेच राहतात, आणि कमी हर्ट्झवर जुन्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा अधिक तापतो. म्हणून मी स्टेप-डाऊनवरची ११० व्होल्टांचीच जोडणी वापरायचे ठरवले होते. शेवटचा टप्पा बसचा होता. सामान खालच्या कप्प्यात टाका, असे आम्हाला सांगण्यात आले. तिथे इतर बॅगा त्याच्यावर येणार होत्या, म्हणून मी तिसरे तिकीट काढले, आणि अ‍ॅम्प खिडकीपाशी, पट्ट्याने आसनाला बांधून, पुढचे चार तास आमच्याबरोबर बसून आला.

घरी आल्यावर लगेच प्लग लावण्याचा मोह मी आवरला. गारठ्यातून उबदार खोलीत आलेल्या धातूवर दव धरते, म्हणून तो संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. मग चिठ्ठ्या पाहून ट्यूब बसवल्या आणि पहिल्यांदा वीज सिरीज दिव्यातून, म्हणजे विजेच्या वाटेतच जोडलेल्या दिव्यातून, दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लखलखीत पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. दिवा आधी उजळला आणि मग मंद झाला, जसा व्हायला हवा तसा. ट्यूब तापेपर्यंत आवाज रोखून धरणारा स्टँडबायचा खटका उघडला, गिटार लावली, पहिला स्वर आला, आणि रिव्हर्ब नव्हता.

नॉब दहावर नेला तरी आवाज कोरडाच. मावसभावाचा चेहरा माझ्याहून अधिक पडला. पण रिव्हर्ब गप्प होण्याची कारणे ठरावीक असतात, आणि त्यांतले सर्वांत साधे आधी पाहायचे असते. वीज बंद करून मागून हात घातला, पिशवीतली पेटी बाहेर ओढली. दोन आरसीए प्लगांपैकी एक अर्धा निसटला होता. फोमची पट्टी काढताना मीच तो ओढला असणार. तो घट्ट बसवला. पुन्हा सुरू केल्यावर रिव्हर्ब आला, पण पाचव्या तारेवरच्या मोकळ्या ‘ए’वर एक पत्र्यासारखी करकर ऐकू येऊ लागली. फोनवरचे ध्वनिमुद्रण लावून पाहिले, तिथे ती नव्हती. म्हणजे ती प्रवासाची देणगी होती. स्पीकरचे नट एकेक करून चाचपले, तेव्हा खालचा डावा नुसत्या बोटाने फिरत होता. पाना घेऊन तो बसेल इतकाच आवळला, कारण जास्त कसला तर स्पीकरची चौकट वाकते.

रिव्हर्ब तीनवर, ट्रेबल सहावर, बास चारवर, व्हॉल्यूम साडेपाचवर. मी तोच ‘ए’ पुन्हा छेडला आणि तो विरून जाईपर्यंत हात तारांपासून दूर ठेवला. करकर गेली होती.