खडपावर तुटलेला स्केग आणि अ‍ॅल्युमिनियम टिग

मंडळी, टिग वेल्डिंगची (टंगस्टनच्या टोकावरच्या विजेच्या ज्योतीने, आर्गॉन वायूच्या आडोशात धातू वितळवून जोडायचं) कोऱ्या पट्टीवर आता रेघ सरळ येते. या पावसाळ्यात पहिल्यांदाच आऊटबोर्डचं (होडीच्या मागे बाहेरून बसवतात त्या इंजिनाचं) ओतीव काम हातात घेतलंय, आणि माझं मत पक्कं झालंय: टॉर्च धरायच्या आधी जी सफाई होते, तिच्यावरच जोड टिकतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. यांत्रिक होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे मालवणात इंजिनं उघडायचा हाच हंगाम. इथल्या खडपांनी (समुद्रातल्या खडकांनी) पंख्याखालचा स्केग, म्हणजे खालचं उभं पातं, अर्धा उडवलेली गिअरकेस (गिअरचं ओतीव घर) शेजारच्या काकांनी आणून दिली. म्हणाले, "दिसाक कसो पण असांदे, होडी सरळ चलाक होयी."

गिअर, सील सगळं काढलं. सील उष्णतेला टिकत नाहीत. कडा कार्बाइडच्या बरने (फिरत्या दातेरी टोकाने) चकाकेपर्यंत घासली, अ‍ॅसिटोनने पुसली, पूर्ण सुकू दिली. दिसायला चकचकीत. पण गॅसच्या ज्योतीने जरा तापवली की ओतकामाच्या बारीक छिद्रांतून तेल पाझरून तपकिरी डाग उमटतो. गार करून पुसायचं, घासायचं, परत तापवायचं. डाग यायचा थांबेपर्यंत हेच. स्टेनलेस स्टीलचा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा ठेवा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मात्र वेल्डिंगच्या आसपाससुद्धा नको, त्यातून विषारी फॉस्जीन तयार होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. एसी करंट तो थर फोडतो, पण तेल आणि ओल हटवत नाही. ओलीतला हायड्रोजन पातळ रसात भरपूर विरघळतो, गोठताना मावत नाही आणि बुडबुडे होऊन अडकतो. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तर धातू पुसून ठेवला तरी दमट होतो. म्हणून जोडायच्या आधी साधारण १०० अंशांपर्यंत तापवतो.

नवा तुकडा ६०६१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा, भरायचा रॉड ४०४३ चा. रॉडमध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं, ओतीव धातूशी चांगलं जमतं. टंगस्टन २.४ मिमी, शुद्ध आर्गॉन, पंखा बंद, दार उघडं. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. आधी पृष्ठभाग ओला दिसतो, मग एकदम आरशासारखा रस चमकतो. त्याच क्षणी रॉड बुडवायचा आणि करंटचं पायातलं पेडल किंचित सोडायचं. रसात काळा ठिपका तरंगला तर तिथेच थांबायचं, खरवडून काढायचं. वरून रॉड ओतून तो झाकू नका.

दोन्ही बाजूंनी भरलं, फाइलने आकार दिला. वेल्डवर डायपेनेट्रंट (बारीक तडे दाखवणारा लाल रंग) मारून पाहिलं, लाल रेघ कुठेच उठली नाही. मग प्रायमर मारला. काका स्केगवर अंगठा फिरवत बराच वेळ बसले होते.

पुढचं काम गिअरकेसच्या तेलाच्या पोकळीजवळच्या तड्याचं. तिथे तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून मगच सुरुवात करणार, आणि नंतर हवेच्या दाबाने गळती तपासणार. त्या पातळ भिंतीला आतून तांब्याचा आधार कुणी दिला असेल तर कसा बसवला ते जरूर सांगा.