तिसरा स्क्रू

तीन स्क्रू, बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे चार प्लास्टिकचे स्पेसर आणि एका जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे त्याची मुख्य सर्किटची पाटी. एवढं कॅबिनेटमध्ये बसवायचं होतं. रविवारी जेवून बसलो की चारच्या चहापर्यंत संपेल, असा माझा हिशेब होता. लागले पाच आठवडे. त्यातले चार एका स्क्रूने खाल्ले, म्हणून हे लिहितोय. बाकी सगळं तसं सरळच होतं.

बोर्ड मामाचा. १९९४ साली लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवायला त्याने डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याचं, दुकान टाकलं, तेव्हाचा. प्रोसेसर ४८६ डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्‌झचा. कॅबिनेट आणि मॉनिटर मामीने कधीच भंगारात घातले. बोर्ड मात्र साडीच्या खोक्यात कपाटावर राहिला. खोक्यात कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबीही होती. तिच्यात दोन-चार स्क्रू आणि लाल चकत्या. चकत्या नळाच्या असतील असं वाटलं, म्हणून डबी तिथेच ठेवून मी फक्त बोर्ड उचलला.

कॅबिनेट पुण्याच्या जुन्या बाजारात साडेतीनशेला मिळालं. पिवळं पडलेलं, टर्बोचं बटण असलेलं, पुढे मेगाहर्ट्‌झचे हिरवे आकडे दाखवणारं. ‘आजचं कॅबिनेट का नाही?’ असं मला चौघांनी विचारलं. हा बोर्ड बेबी एटी मापाचा, म्हणजे साडेआठ इंच रुंद. मागे कीबोर्डचं एक मोठं गोल भोक, बस्स. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे नवं माप आणलं आणि मागची मांडणीच बदलली. शिवाय नव्या कॅबिनेटचं बटण दाबून सोडायचं असतं. जुन्या एटीच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, खटका लागतो, दाबला की दाबलेलाच राहणारा.

आत्ता आठवलं म्हणून सांगतो. या खटक्यातून थेट घरातली २३० व्होल्टची वीज जाते. एसएमपीएसमधून निघालेल्या चार जाड वायरी समोरच्या बटणापर्यंत येतात. त्या काढण्याआधी फोटो काढून ठेवा आणि रंगांचा क्रम एसएमपीएसच्या स्टिकरवरून ताडून घ्या. उलटसुलट लागल्या तर बटण दाबताच घरातला फ्यूज उडेल, आणि तो उडाला तर नशीब समजा.

या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या भोकाजवळ पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची बॅटरी डकवलेली असते. ती पाझरते. माझीही पाझरली होती. बॅटरी कापून काढली, जुन्या टूथब्रशने व्हिनेगर लावून हिरवा-निळा थर घासला आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल मारलं. घासता घासता खालचं तांबं लखलखीत दिसायला लागलं. मी इतका खूश झालो की बायकोला बोलावून दाखवलं.

मग बोर्ड बसवला. प्लास्टिकचे स्पेसर पत्र्याच्या खाचांमध्ये सरकवले, पितळी स्टडवर, म्हणजे पत्र्यातल्या छोट्या खुंट्यांवर, तिन्ही स्क्रू नीट आवळले. एसएमपीएसचे दोन कनेक्टर, पी-८ आणि पी-९, शेजारी शेजारी लावले, काळ्या वायरी मधोमध एकत्र येतील असे. (हे उलटं केलं तर बोर्ड संपला. काळ्याला काळी, एवढंच पाठ करा.) बटण दाबलं. पंख्याने एक झटका घेतला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा झटका.

इथून माझी वारी सुरू झाली.

पेठेतलं एक दुरुस्तीचं दुकान लोकांनी सुचवलं. ‘जुन्याची माहिती असलेला एकच माणूस’ म्हणे. बोर्ड आणि एसएमपीएस घेऊन गेलो. ‘शनिवारी या.’ शनिवारी गेलो तर टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर बोर्ड, आणि पडद्यावर रॅम मोजली जातेय. ‘साहेब, चालतंय की.’ तपासणीचे तीनशे. घरी आणून बसवलं, तिन्ही स्क्रू आवळले. झटका.

दुसऱ्यांदा अख्खं कॅबिनेट रिक्षात घालून नेलं. पुन्हा ‘शनिवारी या’. शनिवारी दुकान बंद. सोमवारी गेलो तर बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवलेला आणि पंखा गरगर फिरतोय. ‘चालतंय की.’ पुन्हा तीनशे. झाकण लावताना मी पाहिलं, त्याने दोनच स्क्रू लावले होते. कीबोर्डजवळचा तिसरा मोकळा.

‘हा का नाही लावला?’

‘लागत नाही तो.’

कामचुकारपणाला उत्तर म्हणून हे वाक्य फारच तयार वाटलं. घरी आलो, झाकण उघडलं, तिसरा स्क्रू शोधला आणि चांगला पिळून आवळला. झटका.

तिसऱ्या फेरीत त्याने रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, परत दोन स्क्रू लावले, पंखा फिरवून दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस रिक्षाच्या आवडीपोटी येतोय. मी पैसे दिले आणि वाटेत त्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो. घरी येऊन पुन्हा तिसरा स्क्रू लावला. अर्थातच.

पंखा थांबला तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर होता. रागाने वायर भिंतीतून उपटली आणि तोच स्क्रू अर्धा फेरा सैल केला. वायर लावून बटण दाबलं. पंखा फिरला. बंद केलं, आवळला. झटका. सैल केला. फिरला. चार आठवडे आणि नऊशे रुपये त्या अर्ध्या फेऱ्यात होते.

मल्टिमीटर घरातच होता. सगळं बंद करून एक टोक स्क्रूवर आणि दुसरं कनेक्टरच्या लाल वायरीवर ठेवलं, तर सलग बीप. म्हणजे पाच व्होल्ट सरळ पत्र्याला जाऊन भिडत होते आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होत होता. बोर्ड काढून भिंगातून पाहिलं. कीबोर्डला पाच व्होल्ट नेणारी रेघ त्या भोकाच्या अगदी कडेने जाते. तिच्यावरचा हिरवा लेप बॅटरीने निम्मा खाल्ला होता आणि उरलेला मी टूथब्रशने काढला होता. बायकोला दाखवलेलं लखलखीत तांबं ते हेच. स्क्रूचं डोकं त्यावर टेकत होतं.

तेव्हा बोर्ड बसवण्याआधी त्याची भोकं बघा. ज्याच्याभोवती जस्तासारखी चकचकीत गोल पट्टी असेल, तिथे धातूचा स्टड आणि स्क्रू चालतो. पट्टी नसेल तर प्लास्टिकचा स्पेसर, नाहीतर वॉशर. पत्र्याच्या तबकात आधीच्या बोर्डाचा एखादा पितळी स्टड राहिलाय का तेही चाचपा. आणि पहिल्यांदा बटण दाबण्याआधी मल्टिमीटरने लाल वायर ते कॅबिनेट एवढी एकच तपासणी करा, दहा सेकंदांची. बीप वाजता कामा नये.

मामाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. ‘अरे, तो पोरगा यायचा ना बसवायला, तो प्रत्येक स्क्रूखाली लाल वॉशर घालायचा. दिले नाहीत का तुला? त्या रोलच्या डबीत होते.’

मी नळाच्या चकत्यांबद्दल काही बोललो नाही. जाऊन डबी घेऊन आलो. उघड्या तांब्यावर नेलपॉलिशचे दोन हात दिले, खाली एक वर एक लाल चकती घातली, आणि तिसरा स्क्रू आवळला. जपून.

दोन गोष्टी राहिल्या. स्क्रू पूर्ण आवळण्याआधी एखादं कार्ड स्लॉटमध्ये घालून त्याची मागची पट्टी कॅबिनेटच्या खिडकीत बसते का बघा, नाहीतर सगळं पुन्हा सैल करावं लागतं. आणि माऊसच्या पोर्टची दहा पिनांची केबल दुसऱ्या कार्डाची असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आतली जोडणी दोन प्रकारची असते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. माझा माऊस दोन दिवस याच पायी मेलेला होता.

गेल्या रविवारी मामा बघायला आला. डॉसचा, म्हणजे त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, प्रॉम्प्ट लुकलुकत होता. त्याने पडद्याकडे फारसं पाहिलं नाही, खाली वाकून पुढच्या हिरव्या आकड्यांकडे पाहिलं. तिथे ३३ होते. मी समजावलं की ते आकडे काही मोजत नाहीत, मागच्या जंपरांवर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांवर, जे लावलंय तेच दाखवतात, आधीच्या मालकाचं राहिलंय, आणि त्या जंपरांचा तक्ता मी अजून शोधतोय.

‘ते असू दे,’ मामा म्हणाला, ‘पण मी ६६ चे पैसे मोजले होते.’