मग ती काय म्हणाली?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून दमून आलो आणि अंगणातच पोतं टाकून आडवा झालो. धाकटी मागं लागली, "दादा, मी बी इथंच झोपते." मी तिला दटावून आत आजीजवळ पाठवलं. पहाटे चारच्या जरा आधी जमीन हलली. आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचा जाड थर. किल्लारीच्या आसपास बहुतेक माणसं गेली ती अशाच घरांखाली.

मी तेव्हा नववीत होतो. शाळा पुढं पत्र्याच्या शेडात भरू लागली. गावात धान्य आलं, घोंगड्या आल्या, बाहेरगावची कितीतरी माणसं राबली. येणारा प्रत्येक जण डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, "झालं ते इसर लेकरा, आता मायबापाकडं बघ." मायेनंच म्हणायचे. पण माझं बोलणं बंद झालं होतं. पत्र्यावर पाऊस वाजला की मी वर्गातून बाहेर पळायचो.

मराठीचे सर कधी रागावले नाहीत. मी पळालो की तेही बाहेर येऊन शेजारी भिजत उभे राहायचे. त्यांच्याही घरातलं माणूस गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा शाळा सुटल्यावर चिंचेखाली बसलो असताना माझ्या तोंडून निघालं, "सर, मीच तिला आत पाठवलं." वाटलं, आता म्हणतील, तुझा काय दोष त्यात. ते म्हणाले, "मग ती काय म्हणाली?"

"उद्या तरी झोपू देशील का?" असं म्हणाली होती ती. तोवर हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

सर गप्प बसून राहिले. अंधार पडल्यावर सायकलवरून घरी सोडलं. पुढं कितीतरी दिवस मी तीच हकिकत त्याच शब्दांत सांगत राहिलो. "हे सांगितलंस की" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. उन्हाळा लागता लागता एवढंच विचारलं, "भूकंप येणार हे तुला ठाऊक होतं का रे?" तोवर ते ऐकण्याइतका मी सावरलो होतो.

पुढं कृषी सहायक झालो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाची गोष्ट. बांधावर बसलेले एक काका बोलता बोलता म्हणाले, "माझ्यामागं पोरांकडं ध्यान द्या साहेब." 'धीर धरा' हे शब्द अगदी ओठावर आले होते. ते गिळून सरळ विचारलं, "काका, जीव द्यायचं मनात येतंय का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. काका ढसाढसा रडले. दिवस मावळेपर्यंत तिथंच बसलो, मग घरी जाऊन काकूंना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिघं मिळून सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो. नुसत्या ऐकण्यावर भागणारं ते दुखणं नव्हतं. आता मनाच्या त्रासावर बोलायला सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून प्रत्येक शेतकरी बैठकीत मी तो फळ्यावर लिहितो. शाळेच्या फळ्यावरही लिहावा.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी इमारत होते आहे. माझी वर्गणी त्यातल्या एका लहान खोलीसाठी धरावी, ही विनंती. दोन खुर्च्या, एक माठ, आतून लागणारी कडी. कुठलंही लेकरू कुठल्याही शिक्षकाला घेऊन तिथं बसेल, आणि त्या वेळी त्या शिक्षकांचा तास दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. खिडकी चिंचेच्या बाजूला काढता आली तर बघा.