गावरानी पाकळी

बामणोदची फिकट हिरवी वांगी बाजारात दिसू लागली की आमच्या घरी आठवड्यातली एक संध्याकाळ भरिताची ठरलेली असते, आणि त्या दिवशीची माझी दुपार लसूण सोलण्यात जाते. परवा अंगणातल्या उन्हात सूप घेऊन बसले, तेव्हा सुपात दोन ढीग होते. एक जांभळट सालीच्या, करंगळीच्या नखाएवढ्या पाकळ्यांचा; दुसरा पांढऱ्या, टपोऱ्या पाकळ्यांचा. "हाऊ गावरानी, तो हायब्रीड," असे आठवडे बाजारातल्या बाईंनी सांगितले होते आणि गावरानीचा भाव दुप्पट लावला होता. मी तो निमूटपणे दिला.

या हायब्रीड शब्दाशी माझे जुने वाकडे आहे. संकर व्हायचा तर आधी फूल हवे, पराग हवा, बी हवे. आणि आपला लसूण बीच धरत नाही. क्वचित दांडा आला तरी त्यावरची फुले वांझ निघतात. पाकळी लावावी आणि गड्डा उपटावा, हाच त्याचा हजारो वर्षांचा संसार. तेव्हा टपोरा लसूण हा हायब्रीड नसून, कोणीतरी चांगला गड्डा बघून बाजूला ठेवलेल्या पाकळ्यांचा विस्तार असतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता या वाणांची आधीची नावेसुद्धा 'सिलेक्शन २' आणि 'सिलेक्शन १०' अशी सरळ होती. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा जांभळ्या सालीचा भीमा पर्पल हाही निवडीतूनच आलेला. बी धरणारा लसूण जगात अगदीच नाही असे नाही. १९८०च्या दशकात एका जपानी संशोधकाला तो मध्य आशियात, तिएन शान पर्वताच्या बाजूला सापडला, आणि लसणाचे माहेर त्याच मुलखात असावे असे तेव्हापासून अधिक ठामपणे म्हटले जाऊ लागले. गंमत अशी की, ज्या संस्कृत पोथीचा आरंभच लसणाच्या गुणवर्णनाने होतो, ती भूर्जपत्रावरची पोथी १८९० मध्ये याच पर्वताच्या दक्षिणेकडच्या कुचा गावी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागली होती. हे सगळे मी बाजारातल्या बाईंना सांगणार नाही, हे उघड आहे; पण मनातल्या मनात दर आठवड्याला सांगते.

बी नाही म्हणजे आई-बापही नाहीत. एका पाकळीतून निघालेला गड्डा हे तिचे मूल नव्हे, ती स्वतःच असते. मग जांभळा आणि पांढरा, तिखट आणि मवाळ हे भेद आले कोठून? काही भेद लसूण बी धरत होता त्या काळातले असणार. बाकीचे, पिढ्यान्‌पिढ्या नकला उतरवताना झालेल्या चुका. उतरवायचा मजकूरही थोडाथोडका नाही. चिनी संशोधकांनी २०२० मध्ये लसणाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला, तो सुमारे १६ अब्ज अक्षरांचा भरला. माणसाचा तीन अब्जांच्या आसपास असतो. मात्र लसणाच्या या पोथीत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पुनरुक्तीचा आहे. माझ्या आजीच्या गोष्टींचेही प्रमाण साधारण तेच होते, आणि आम्ही त्या तरीही ऐकत असू.

आजीचा एक नियम मात्र पुनरुक्तीला पात्र होता. "लसून कापाना नही, ठेचाना," असे ती दर वेळी बजावत असे. अखंड पाकळी नाकाशी धरली तर जवळजवळ वास येत नाही, कारण तिच्यातले ॲलिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य आणि त्याला फोडणारे ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडलेले असतात. घाव बसला की भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. नाकात जाते ते हे. सुरीने चार भिंती फुटतात, बत्त्याने सगळ्या. अखंड पाकळी उकळत्या तेलात पडली तर विकर आधीच मरते आणि लसूण गोडसर, गुळमुळीत होतो. म्हणून आमच्या घरी भरितात लसूण कच्चाच, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचलेला पडतो. ॲलिनचे प्रमाण वाणावाणांत कमी-अधिक असते हे खरे, परंतु तोच वाण गंधक कमी असलेल्या जमिनीत लावला तर मवाळ उतरतो. म्हणजे ज्या झणक्यासाठी मी दुप्पट पैसे मोजते, तो किती जातीचा, किती जमिनीचा आणि किती माझ्या मनगटाचा, याचा हिशेब लागत नाही.

एका वर्षी मी फ्रिजमध्ये ठेवलेल्या लसणाचे लिंबूरसातले लोणचे घातले आणि चौथ्या दिवशी बरणीत निळसर हिरव्या पाकळ्या दिसल्या. विष झाले, असे समजून घरच्यांनी ती बरणी उकिरड्यावर रिती केली. पुढे कळले की थंडीत लसणात आयसोॲलिन साठत जाते, आणि आंबट रसात त्यापासून निरुपद्रवी रंग तयार होतो. आजीच्या लसणाचे लोणचे कधी हिरवे झाले नाही, कारण तिच्याकडे फ्रिज नव्हता.

तिचा लसूण तापीकाठच्या आमच्या धाब्याच्या घरात तुळईला टांगलेला असे. वाळल्या पातीसकट बांधलेल्या त्या जुड्यांना चुलीचा धूर लागून साल काळपट होई. दसरा झाला की आजी एक जुडी खाली काढी, बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या निवडून कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने लावी, आणि होळीच्या सुमारास पात पिवळी पडली की पुन्हा जुड्या वर चढत. हे वाण तिने माहेरून ओटीतून आणले होते, तिच्या आईकडे ते कोठून आले हे कोणी विचारले नाही. ज्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, त्याच वर्षी धाबे पाडून स्लॅब घालायचे ठरले. जुड्या उतरवून स्वयंपाकघरात एका टोपलीत ठेवल्या गेल्या. पावसाळाभर जो येई तो हात घाली, मीही घातला. दसऱ्याला वडील बी मागायला आले तेव्हा टोपलीत टरफले होती. भाव वाढलेले होते आणि दुकानात पांढरा लसूण मिळत होता, त्यामुळे कोणाला फारसे वाईट वाटले नाही. आजीला सांगितले नाही.

परवा ते जांभळे गड्डे सोलताना वाटून गेले की, तिने शेजारणींना दिलेल्या बियाण्यातले एखादे वाण फिरत फिरत या सुपात आले नसेल कशावरून. आले असेल तर ते त्याच्यासारखे नव्हे, तेच असणार. चार ठसठशीत पाकळ्या निवडून मी खिडकीत ठेवल्या. हंगाम थोडा उलटला होता, तरी गच्चीवरच्या कुंडीत लावून बघू म्हटले.

संध्याकाळी दोघे पाहुणे अधिक आले. मिरची फार जहाल निघाली होती आणि लसूण कमी वाटत होता. मी खिडकीतल्या त्या चारही पाकळ्या उचलल्या आणि ठेचल्या.