प्रॅटच्या झाकणांची नोंदवही: यावेळी रंगांचे ठिपके

या महिन्यात नवी खरेदी शून्य. कपाटातलीच झाकणं दहापट भिंगाखाली घेऊन बसलोय, आणि लिलाव बघण्यापेक्षा यातच जास्त मजा येतेय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: स्टॅफर्डशरमधल्या फेंटनच्या एफ. अँड आर. प्रॅट कारखान्याने १८४० च्या दशकात मातीच्या बसक्या डब्यांची झाकणं अनेक रंगांत छापायला घेतली. आधी केसांना लावायची अस्वलाची चरबी, पुढे केंटमधल्या पेगवेल बेची कोळंबीची पेस्ट, असला माल त्यांतून विकला जाई. चित्रं कोरणारा जेसी ऑस्टिन (१८०६–१८७९). तो आधी जलरंगात चित्र करी, मग एकेका रंगासाठी तांब्याची वेगळी प्लेट. पातळ कागदावर उतरवलेले निळे, पिवळे, लाल छाप एकदा भाजलेल्या मातीवर एकामागून एक दाबून बसवायचे, शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेषांचा मुख्य छाप, मग ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) आणि पुन्हा भट्टी.

हे सगळे कागद नेमके जुळावेत म्हणून चित्राच्या दोन्ही कडांना खुणेचे बारीक ठिपके असतात. माझ्या पेगवेलच्या झाकणावर डावा ठिपका एकसंध आहे; उजव्यात मात्र लाल रंग निळ्याबाहेर डोकावतोय. म्हणजे लालाचा कागद लावताना किंचित फिरला. चित्रातही उजवीकडच्याच माणसाच्या कोटाचा लाल बाहेर सांडलाय! कारखान्यांत हे कागद लावायचं काम बहुतेक बायका करत. बाजारात भाव अचूक जुळलेल्या छापाला. मला विचाराल तर असं सरकलेलंच झाकण ठेवावं, हात कुठे हलला ते त्यात दिसतं.

भिंगाचा दुसरा उपयोग नकला ओळखायला. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, कोरीव कामात ठिपके लहानमोठे आणि मध्ये रेघा. पण जुन्या प्लेटांवरून नंतरही छपाई झालीय, त्यामुळे कोरीव काम दिसलं म्हणून काळ ठरत नाही. तिथे संग्राहकांचा टिचकीचा ठोकताळा: जुनं बद्द वाजतं, उशिराचं खणखणीत. तडा असेल तर काहीही बद्द वाजेल, तेव्हा यावर फार भिस्त नको.

आता बर्स्लेमच्या टी. जे. अँड जे. मेयर या दुसऱ्या कारखान्याचं एखादं झाकण हवंय, कड फुटकी चालेल. ठिपके शेजारीशेजारी ठेवून पाहायचेत.